ऐकू येतं, पण समजत नाही

माझ्या दवाखान्यात येणारा माणूस सहसा स्वतःहून आलेला नसतो. त्याला कोणीतरी आणलेलं असतं. दाढ दुखणारा माणूस दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसतो. कमी ऐकू येणारा माणूस बायकोच्या नाहीतर सुनेच्या मागून रुसल्यासारखा आत येतो आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकतो, "मला काही त्रास नाही. हेच लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

नगरमध्ये मी श्रवणतज्ज्ञ म्हणून पाटी लावली तेव्हा माझ्या सख्ख्या मामांनाही हे काय प्रकरण आहे ते कळलं नव्हतं. "म्हणजे कानाची डॉक्टर ना?" त्यांनी विचारलं. तशी नाही. कानाचे डॉक्टर कान बरा करतात. जो कान बरा होण्यासारखा उरलेला नसतो, तो ते माझ्याकडे पाठवतात. मी तो तपासते, किती गेलंय आणि किती शिल्लक आहे ते मोजते, आणि शिल्लक आहे त्यावर यंत्र बसवून देते. शिल्लक आहे तोवर या, एवढंच मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आता मान दुखते, डोळे दगा देतात, म्हणून पाटी उतरवायची ठरवलं आहे. या अंकात लिहायचं ठरलं तेव्हा मनात होतं, चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात. त्या घडल्या आहेतही. पहिल्यांदा आईचा आवाज ऐकून हसलेली मुलं मी पाहिली आहेत. पण कागद पुढे घेतला की ती मुलं आठवत नाहीत, दुसरेच लोक येऊन बसतात.

शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान असलेले एक गृहस्थ आले होते. गिऱ्हाईक फुटाणे मागायचं आणि हे पुढ्यात पेढे ठेवायचे. त्यांचं म्हणणं, लांबलांबच्या मुलखातून लोक येतात, त्यांची भाषा कळत नाही. मी विचारलं, "आणि घरच्यांची?" ते म्हणाले, "घरी कोण बोलतंय माझ्याशी?" त्यांचा मुलगा मागे उभा होता. तो खाली बघू लागला. यंत्र न घेताच दोघं गेले.

बाहेरच्या माणसाला हे सगळं चमत्कारिक वाटतं. चष्मा घालायला कोणी इतका वेळ लावत नाही. पण चष्मेवाल्याला कोणी आंधळा म्हणत नाही, आणि कानाला यंत्र लावलेला माणूस त्याच दिवशी गावात 'भयरा' होतो. दुसरं कारण आणखी वाईट आहे. कान एकदम जात नाही. तो कडेकडेने जातो. सगळ्यांत आधी जातात बारीक, तीक्ष्ण आवाज: स, श, ख, फ. आ, ओ, ऊ असे जाडे आवाज बरेच दिवस टिकतात. 'सासू' म्हटलं की माणसाला 'आऊ' असं काहीतरी ऐकू येतं. म्हणजे बोलणारा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. म्हणून तो शपथेवर सांगतो की मला ऐकू येतंय. तो खोटं बोलत नसतो.

दशरथभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं होतं.

ते श्रीगोंद्याजवळच्या एका गावचे. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मिल हाऊस म्हणजे जिथे उसाचा चुरा लोखंडी रोलरांखाली दाबून रस काढतात ती जागा. हंगाम सुरू झाला की तिथे दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडली तरी एकमेकांना ऐकू जात नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. भाऊंचा उभा बांधा, पांढरी टोपी, कडक इस्त्री. बरोबर बायको, हिराबाई. बोलायला सुरुवात तिनेच केली.

"ताई, ह्यांना जरा सांगा. माजं नरडं बसलं वरडून वरडून."

"मला समदं ऐकू येतंय," दशरथभाऊ म्हणाले. "हीच हळू बोलती."

"मी हळू? आवो, चार घरं सोडून लोक इचारत्यात, आज काय झालं म्हनून!"

मी दोघांना हसले. तेव्हा हसण्यासारखं वाटत होतं.

त्यांना आवाजबंद खोलीत बसवून तपासलं. कानावर हेडफोन लावायचे, बारीक टूं-टूं आवाज सोडायचे, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी आवाज सोडत होते आणि ते बटणावर अंगठा ठेवून, मान किंचित तिरकी करून, अगदी मन लावून शांततेकडे कान देत होते. त्यांना वाटत होतं, तपासणी अजून सुरूच झालेली नाही.

आलेख काढून दाखवला. डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ मध्यावर येऊन कड्यावरून खाली पडल्यासारखी पडली होती. मी समजावलं की कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारख्या नाजूक पेशी असतात. तुडवलेलं गवत पावसाने पुन्हा उभं राहतं, या पेशी उभ्या राहत नाहीत. कारखान्याच्या आवाजाने त्या गेल्या. पण अजून बरंच शिल्लक आहे, यंत्र लावलं तर बोलणं नीट समजेल.

ते आलेखाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी लोखंडी सळईचं एक टोक मशीनला आन् दुसरं ह्या कानाला लावून सांगायचो, कुठलं बेरिंग जाणार ते. सुट्टीवर आसलो तरी गाडी पाठवून बोलवायचे मला. त्यो हाच कान हाय."

मला कळलं की मी त्यांच्याकडून काय मागते आहे. तरी मी म्हणाले, "भाऊ, त्याच कानाला आता मदत हवी आहे."

"दिवाळी हुंद्या," ते म्हणाले. "मग बघू."

ही आमच्या धंद्यातली ठरलेली तारीख आहे. दिवाळी झाली की लग्नसराई, मग उन्हाळा, मग पेरणी.

आठवड्यातून एकदा मी श्रीगोंद्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जायचे. तिथे हिराबाई बाजाराच्या दिवशी यायच्या, एकट्याच. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी पदरात बोरं. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहायच्या. मग आत येऊन विचारायच्या, "ह्यांच्या मापाचं यंत्र त्यांना न सांगता न्हेता येईल का?" येणार नाही म्हटलं की घरातलं सांगायच्या. लग्नाकार्यात भाऊंच्या शेजारी त्याच बसायच्या, कोण काय म्हणालं ते त्यांच्या कानाशी सांगायला. बँकेत त्याच बोलायच्या. हळूहळू गावातली माणसं दशरथभाऊंकडे बघून नुसता हात वर करून पुढे जाऊ लागली. पारावरचे मित्र कमी झाले. भाऊंनी त्याचा अर्थ लावला होता, निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलायचं म्हंजी वरडायचं. आन् वरडून फकस्त भांडता येतंय, ताई. 'दमला का' आसं गल्लीला ऐकू जाईल इतकं वरडून कुनी इचारतं का? आता आमी कामापुरतंच बोलतो. जेवा, उठा, गाडी आली, लाईट गेली."

मी या विषयावर बरंच वाचलं आहे. इतक्या नेमकेपणाने मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यांच्या मुलाने, संतोषने, वडिलांना एकदा कसंबसं तयार केलं. संतोष सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता. मी यंत्र वापरून बघायला दिलं. पहिल्या दिवशी भाऊ खूश होते. हिराबाई मागून काही पुटपुटल्या तर ते वळून म्हणाले, "ऐकलं बरं का मी." दोघंही हसली, असं संतोषने फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात नात्यात साखरपुडा होता. तिथे एका पुतण्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, कानात रेडिओ बसवला का? बातम्या काय म्हनत्यात?" मांडवात हशा झाला. भाऊंनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी संतोषच्या हाती परत पाठवलं. त्यानंतर कोणी विषय काढला तर ते उठून गोठ्याकडे जात.

मी निरोप पाठवले, फोन केला. फोन त्यांनी घेतला नाही. घेतला असता तरी ऐकू आला नसता.

वर्षं गेली. आमच्या कामात अशा वर्षांना किंमत असते. कान बंद पडला की मेंदूकडे आवाज पोचत नाही, आणि न पोचलेला आवाज मेंदू हळूहळू विसरतो. वापरात नसलेल्या गाडीवाटेवर जशा बाभळी उगवतात, तसं होतं. मग पुढे कधी तिथून गाडी न्यायची म्हटलं तर वाटच राहिलेली नसते.

पुढचं मला संतोषने सांगितलं, तसं सांगते.

उन्हाळी कांदा काढायचे दिवस होते. आसपासची सगळी माणसं रानात होती. संतोष कामावर, त्याची बायको मुलांना घेऊन माहेरच्या लग्नाला गेलेली. घरात म्हातारा-म्हातारीच. सकाळी काहीतरी खरेदीवरून हिराबाई भाऊंवर ओरडल्या होत्या. दुपारी भाऊ पुढच्या अंगणात कांदा निवडत बसले. हिराबाई गाईला पाणी दाखवायला मागच्या गोठ्यात गेल्या. मध्ये एवढंसं घर. गोठ्याच्या ओल्या कोब्यावर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हलता येईना. वर पत्रा तापलेला. त्या नवऱ्याला हाका मारत राहिल्या.

चहाची वेळ झाली, चहा आला नाही. भाऊंना वाटलं, सकाळच्या बोलण्यावरून रुसली असेल. त्यांनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "चहा करती का?" उत्तर आलं नाही. ते पुन्हा कांद्याकडे वळले.

संध्याकाळी सून आली, मुलं गाय बघायला मागे पळाली आणि ओरडत परत आली. हिराबाईंचा आवाज तोवर पार बसला होता. नगरला आणलं, ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला आणि त्या गेल्या. जाण्याआधी सुनेला म्हणाल्या होत्या, "ह्यांना सांगू नका मी हाका मारल्या म्हनून."

सुनेने सांगितलं नाही, संतोषने सांगितलं नाही. पण दवाखान्यात हिराबाईंना भेटून गेलेली भाऊंची थोरली बहीण होती. दहाव्याला घाटावर, भावाचे खांदे धरून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती रडत ओरडली, "दशरथा, आरं घसा फाटस्तवर हाका मारल्या रं तिनं तुला!"

तेवढं त्यांना ऐकू गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दशरथभाऊ माझ्याकडे आले. संतोष बरोबर होता, पण यावेळी पुढे भाऊ होते. टोपी होती, इस्त्री नव्हती. खुर्चीत बसून म्हणाले, "ताई, यंत्र द्या."

मी पुन्हा तपासलं. रेघ पहिल्यापेक्षा बरीच खाली आली होती. मग शब्दांची परीक्षा घेतली. यात मी तोंडासमोर कागद धरून साधे शब्द मोठ्या आवाजात म्हणते, पेशंटने ते परत म्हणायचे. पहिल्या वेळी आवाज वाढवल्यावर भाऊंनी जवळजवळ सगळे बरोबर सांगितले होते. आता मी 'भात' म्हटलं, ते 'हात' म्हणाले. 'दोरी' म्हटलं, 'मोरी' म्हणाले. 'सून' म्हटलं, 'ऊन' म्हणाले. आवाज आणखी वाढवला. ते म्हणाले, "ऐकू येतंय ताई, समजंना." पुढे त्यांनी बोलणंच थांबवलं, नुसते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले.

मी संतोषला बाजूला घेऊन सांगितलं, आवाज येतील, शब्द येतील याची खात्री नाही. फार उशीर झाला आहे. तो म्हणाला, "मॅडम, ते घेतल्याशिवाय जाणार नाहीत."

यंत्र बसवून चालू केलं. भाऊ दचकले. वर पंख्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. पाय हलवला आणि स्वतःच्या चपलेच्या आवाजाकडे खाली वाकून बघितलं. बराच वेळ ते असे एकेक आवाज शोधत होते. मग माझ्याकडे वळले.

"ताई, एक इचारू? आमचं घर तुमी बघितलं न्हाई. ह्ये आसं अंगण," त्यांनी टेबलावर हाताने रेघ ओढली. "मधी घर. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं. मागं गोठा. मी हितं. ती तितं. ह्ये यंत्र तवा कानात आसतं, तर हाक ऐकू आली आसती का?"

त्यांच्या पाठीमागे उभा असलेला संतोष माझ्याकडे बघून मान हलवत होता. नाही म्हणा.

माझ्याकडे दोन्ही आलेख होते. हिराबाई नवऱ्याला हाक मारताना "आवो" म्हणायच्या, ते मी स्वतः ऐकलेलं. आ, व, ओ. एकही तीक्ष्ण अक्षर नाही. जाडे, उघडे आवाज, तोंड भरून ओरडलेले, दोन्ही दारं उघडी. उत्तर मला माहीत होतं.

मी हळू म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, भाऊ."

त्यांना समजलं नाही. "काय?"

मी मोठ्याने म्हणाले. तरी समजलं नाही. मग मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "नक्की सांगता येत नाही!" बाहेर बसलेले लोक बोलायचे थांबले.

भाऊंनी मग मान डोलावली.

"म्हंजी आली आसती," ते म्हणाले.

त्यांना उठवायला संतोष पुढे आला.

लोक म्हणतात, तुमच्या कामात किती पुण्य आहे. मी आता वाद घालत नाही. यंत्रं दरवर्षी लहान होतात, हुशार होतात. मोबाईलवरून चालतात, आपोआप गोंगाट कमी करतात. मी शिकले तेव्हा असं काही असेल असं स्वप्नातही नव्हतं. आणि माणसं तशीच उशिरा येतात. त्यांना आणणारं माणूस संपल्यावर येतात. मी बोलते ते त्यांना ऐकू येत असतं तेव्हा त्यांना ऐकायचं नसतं, आणि ऐकायचं असतं तेव्हा माझ्या हातात फक्त आवाज वाढवायची सोय उरलेली असते. इतकी वर्षं मी हेच करत आले असं एखाद्या संध्याकाळी वाटतं.

पावसाळ्यात संतोष भाऊंना पुन्हा घेऊन आला. यंत्र लावतात का, मी विचारलं. तो म्हणाला, "झोपताना सोडलं तर काढतच नाहीत. तोच त्रास झालाय."

बोलणं त्यांना समजत नव्हतंच. पण आवाज सगळे येत होते, आणि कुठला आवाज कशाचा ते मेंदू विसरलेला. पत्रा कडाडला, शेजारच्या पोरांनी आरोळी दिली, गाय हंबरली, रस्त्यावर टेम्पोने हॉर्न दिला, की भाऊ हातातलं टाकून उठतात आणि मागच्या दाराने गोठ्यात जातात. आत बघतात. परत येऊन बसतात. जेवताना घास ठेवून जातात. "दिवसभर चालू असतं," संतोष म्हणाला. "आम्ही सांगतो, कोणी हाक मारली नाही. त्यांना आम्ही काय सांगतोय तेच समजत नाही. मॅडम, याचा आवाज थोडा कमी करता येईल का? त्यांना कळणार नाही."

करता येतो. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. मी यंत्राला वायर जोडण्यासाठी हात पुढे केला. भाऊंनी झटकन तळहाताने कान झाकला.

"कमी करू नगा," ते म्हणाले. "हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

आम्ही काय बोललो ते त्यांना समजलं नव्हतं. माझा हात कशासाठी आला ते समजलं होतं. मी हात मागे घेतला. संतोष भिंतीकडे बघत होता. खोलीत कोणीच बोलत नव्हतं.

"व्हय, व्हय, आलो!" दशरथभाऊ एकदम म्हणाले आणि खुर्चीचा हात धरून उठले.

बाहेर माझी मदतनीस पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती.